चावलेला रोल

तात्या, तुमचा कॅमेरा मी पुन्हा वापरायला काढला आहे. भवानीनगरचा स्टुडिओ बंद केला तेव्हा जे सामान बारामतीला आणलं, त्यात तो होता आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात सहा रोल. पाच पाकीटबंद, एक सुटा. मुदत संपून वीस-बावीस वर्षं झालेली. हल्ली अशा रोलांचं काही लोकांना वेड असतं. काय उमटेल याचा भरवसा नसतो, म्हणूनच मजा. मलाही ते वेड लागलं. रविवारी इंदापूरच्या रस्त्यानं जायचं, उसाचे तुरे टिपायचे, घरी न्हाणीघरात अंधार करून रोल धुवायचा. पाचही रोल धुरकट निघाले, पण मी खूश होते. मग सुटा राहिला.

तुमची एक सवय आज सारखी आठवते. रोल संपला की तुम्ही कॅमेरा कानाशी धरून तो उलटा गुंडाळायचात, आतली शेवटची खट ऐकू आली की थांबायचात आणि बाहेर राहिलेलं टोक दातानं चावायचात. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "जेवायला वाढलंय की हितं, फिलम कशाला खाताय?" तुम्ही मला सांगायचात, "अंधारात बोटाला कळलं पायजे. चावलेला रोल म्हंजी झालेला रोल." मी सात-आठ वर्षांची असेन. पुढे तुम्ही मला प्रिंटा कापायला बसवू लागलात. एकदा एका नवरदेवाच्या गालावर माझ्या अंगठ्याचा डाग पडला आणि तशीच प्रिंट मी पाकिटात घातली. तुम्ही ती गिऱ्हाइकाकडून परत मागून घेतलीत, माझ्यासमोर फाडलीत. आवाज चढवला नाहीत. "गिऱ्हाइकाच्या तोंडावर आपला अंगठा दिसला न्हाय पायजे," एवढंच बोललात. मला मारलं असतंत तर मी ते विसरले असते.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात, जायच्या थोडं आधी, वरकुट्याची एक बाई लेकीला घेऊन आली होती. स्थळाला दाखवायचा फोटो. मुलगी चुलतीची साडी नेसलेली, मनगटावर कुणाचं तरी घड्याळ, मागे तुमचा रंगवलेल्या तळ्याचा पडदा. पुढच्या पावसाळ्यात ती कावीळ होऊन गेली. तिची आई आपल्या दारात आली. "तात्यांनी काडला हुता गं. दुसरा फोटोच न्हाय तिचा." मी कॉलेजात होते, परीक्षा तोंडावर होती. मी म्हणाले, "सगळं बघितलं मावशी, नाही सापडला." तात्या, मी काहीच बघितलं नव्हतं. डबा माळ्यावर होता आणि शिडी शेजाऱ्यांकडे गेली होती.

तो सुटा रोल मी कॅमेऱ्यात घातला आणि लोणी भापकरच्या बाजूला एका सकाळी संपवला. धुतला, वाळत टांगला, खिडकीशी धरून पाहिला. उसाच्या तुऱ्यांमागे ओळखपत्रांचे चेहरे होते. शेवटी दोन चौकटींत तळ्याचा पडदा, साडी, घड्याळ. तुमच्या फोटोंवर मी माझे फोटो काढले होते. एका चौकटीत तुरा तिच्या चेहऱ्यावरून तिरका गेला होता, दुसरीत चेहरा उरलाच नव्हता. आमच्या छंदवाल्यांपैकी एकाला दाखवलं तर तो म्हणाला, "मॅडम, कसला भारी आलाय! असं ठरवून जमत नाही." आणि क्षणभर मला बरं वाटलं. हेही तुम्हाला सांगायला हवं.

त्यातल्या त्यात बरी चौकट मी पुण्याहून छापून आणली आणि वरकुट्याला गेले. बाई डाळिंबाच्या बागेत होती. आता दिसतं कमी. "तात्यांची पोर न्हवं तू? बस, चा ठिवती." मी प्रिंट हातात दिली. तिनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "हीच. साडी जावंची हाय, दीत नव्हती, मी भांडून आणली." मग बोट चेहऱ्यावर आलं. "ह्या रेघा कसल्या गं?"

सांगायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. बाहेर पडलं ते, "रोल फार जुना झाला होता, मावशी."

"व्हय, आन आमी बी ऊन उतरल्यावर आल्तो. तुझ्या बापाचा हात हालला आसंल. न्हायतर त्यांचा फोटो कदी बिघडला न्हाय." तिनं पदरानं प्रिंट पुसली. रेघा निघतात का, बघत होती. निघताना तिनं पिशवीभर डाळिंबं दिली. ती मी घेतली.

हात माझा, आणि हालला म्हणतात तुमचा. वरकुटं काही लांब नाही, परत जाऊन सांगता येईल. रोज ठरवते. हा कागद मी तुमच्या कॅमेऱ्याच्या कातडी खोळीत घालून ठेवणार आहे, तिथे तो कुणी वाचणार नाही, म्हणून शेवटचं लिहिते. रोल घालताना टोकावरच्या खुणा माझ्या बोटाला लागल्या होत्या. मी थांबले होते. उंदरानं कुरतडलं असेल, असं मी मनाला सांगितलं. डब्याचं झाकण घट्ट होतं, तात्या. उघडायला मला चमचा लागला होता.