कोर्टावरचं पाणी

अप्पा,

काल लातुरात तिचा सत्कार झाला आणि मुख्य भाषण मी केलं. रेणापूरच्या किराणा दुकानदाराची ती पोर, तुमच्याकडे रॅकेट धरायला शिकलेली, आता देशोदेशी टेनिस खेळते, त्यावरच पोट भरते. पेपरात तिचं नाव आधी आतल्या पानावर यायचं, मग शेवटच्या, या महिन्यात पहिल्या. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासूनची तिची प्रत्येक बातमी मी वाचली आहे आणि प्रत्येक वेळी पुढच्या सामन्यात ती हरावी असं वाटलं आहे. मला, जी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून समतेवर बोलते!

लातूर नवा जिल्हा झाला, साहेबलोक आले, त्यांचा क्लब आला आणि तुम्ही तिथले मार्कर झालात. पहाटे कोर्टावर पाणी शिंपायचं, शेणाचा हात फिरवायचा, रोलर ओढायचा, दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारायच्या आणि संध्याकाळी साहेबांना चेंडू घालायचे. साहेब गेले की उरलेला उजेड तिचा. एकदा मीही रॅकेट घेऊन उभी राहिले. चार चेंडू जाळीत गेले तसे तुम्ही हसलात. "तुझं तोंड चालतंय बाई, हात न्हाई. तू आपली भाषणं ठोक." तिला मात्र म्हणायचात, "लई भारी, माय! आनखी एक." मला तुम्ही कधी माय म्हटलं नाही.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. टँकरपुढे घागरींच्या रांगा, आणि तुम्ही कोर्टावर पाणी शिंपताय. सतरा वर्षांची मी रांगेसमोरच्या ओट्यावर चढते आणि माझं पहिलं भाषण करते: लेकरांच्या घशाला कोरड अन् साहेबांच्या खेळाला पाणी! बायका घागरी बडवत क्लबवर गेल्या. शिंपणं थांबलं, आठवड्यात कोर्टाला भेगा पडल्या, कोर्टाच्या फाटकाला कुलूप लागलं. त्या दिवशी भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "चांगली बोललीस. फकस्त क्लबाची ती हीर खारी हाय, तिचं पानी ढोरंबी पीत न्हाईत, तेवढं सांगायचं राहिलं." राहिलं नव्हतं, अप्पा. मला माहीत होतं. क्लबच्या पहिल्याच वर्षी मी ते पाणी तोंडात घेऊन थुंकले होते.

काल ती माइकवर म्हणाली, "कोर्ट बंद पडलं म्हणून सरांनी हैदराबादच्या कोचला पत्र लिहिलं. चांगलं चार पानांचं! न्हाईतर मी आज दुकानात साखरेच्या पुड्या बांधत बसले असते." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. म्हणजे तिला पुढे ढकललं ते मीच. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. चार पानं! सही करताना तुम्हाला घाम फुटायचा, आणि तिच्यासाठी चार पानं.

माझ्या भाषणात त्या पाण्याच्या लढ्याचा उल्लेख होता. विहीर खारी होती हे कालही बोलले नाही. इथे लिहिते, कारण हे कुठे पाठवायचं नाही. आणि एक. कुलूप लागलं त्या उन्हाळ्यात तुम्ही ऊन असतानाच घरी यायचात, उंबऱ्यात बसून राहायचात. आईला काळजी लागली होती. मी खूश होते.