नेलपॉलिशचा लाल थेंब

प्रिय मार्लिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, तरी मला राग आला नसता. पण फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. गोष्टी अर्ध्यावर सोडायची सवय माझी, तुझी नाही.

लिंकनचं कॉलेज मी सोडलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. सरांनी माझा सर्किटचा आराखडा सगळ्या वर्गासमोर खोडला, मी वही टेबलावर आपटून बाहेर पडलो आणि मग परत जायला तोंड राहिलं नाही. गेल्या मार्चपासून हमरस्त्यावरच्या ट्रकतळाशेजारी ऑरव्हल स्टेंगरच्या दुकानात ट्रकवाल्यांचे रेडिओ दुरुस्त करतो. ऑरव्हल सत्तरीचा आहे, एका कानाने बहिरा, आणि मी चिडून बोलायला लागलो की तोच कान माझ्याकडे करतो. "कॉलेजात हेच शिकवत होते होय? बरं झालं सुटलास," असं दिवसातून दोनदा तरी ऐकवतो. मला तो आवडतो. दुपारी आम्ही दोघं खिमा-कोबी भरलेला एकच रन्झा पाव अर्धा-अर्धा खातो, आणि कोबी जास्त असलेला अर्धा नेहमी माझ्याकडे येतो.

गेल्या मंगळवारी डुकरं वाहणारा एक ड्रायव्हर रेडिओ घेऊन आला. कुठल्याशा शेतावरच्या लिलावात जुना घेतलेला. म्हणाला, "पोरा, याच्यात मी बोललो की लोक म्हणतात, डुकरांना गप्प कर आणि तू बोल." मी झाकण उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आवाज मापात ठेवणारा एक बारीकसा भाग असतो, तो कुणीतरी कातरीने सरळ छाटून टाकलेला. म्हणजे बोलणारा ओरडत सुटणार, शेजारच्या चॅनेलवाल्यांचेही कान फुटणार आणि शब्द मात्र एक कळणार नाही. मायक्रोफोनच्या तारा उलटसुलट. घुमणाऱ्या आवाजासाठी वर एक पट्टी चिकटवलेली, तिच्यावर सोल्डरचा हा एवढा गोळा. आतल्या कॉइलमधले नाजूक गाभे लोखंडी पेचकसाने पिळल्यामुळे दोन तडकलेले. ते काम प्लॅस्टिकच्या काडीने करायचं असतं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी कळतं. मी सकाळभर त्या अनोळखी माणसाचा उद्धार करत होतो. गाढव म्हणालो, खाटीक म्हणालो, ऑरव्हलने बहिरा कान वळवेपर्यंत काय काय म्हणालो.

मग कडेच्या एका स्क्रूवर लाल थेंब दिसला. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावलेलं नेलपॉलिश.

तुला आठवलं ना? तुमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, मक्याच्या पोत्यावर बसून तू ती बाटली माझ्या हातात दिली होतीस. तुझ्या बाबांच्या ट्रकमधला रेडिओ मी मांडीवर घेतला होता. "एमिलकाका, तुमचा रेडिओ झोपलाय. दोन जिल्ह्यांना ऐकू जाईल असा करून देतो," असं मीच म्हणालो होतो. त्यांनी मागितलं नव्हतं. ते म्हणाले होते, "अरे, मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं तरी पुष्कळ आहे." पण तू बघत होतीस, आणि तू बघत असलीस की मला काहीतरी छाटल्याशिवाय चैन पडायचं नाही.

त्याआधी दर शुक्रवारी घरी परतताना, प्लॅट नदीचा पूल ओलांडता ओलांडता, ते रेडिओवरचं आपलं टोपणनाव घेऊन बोलायचे, "म्हातारा कोंबडा पुलावर, बटाटे टाका." तुमच्या फ्रिजवरच्या रेडिओतून ते स्वच्छ ऐकू यायचं आणि तुझी आई गॅस पेटवायची. बटाट्याच्या काचऱ्या परतून व्हायला आणि ट्रक दारात यायला एकच वेळ. मी हात लावल्यानंतर फ्रिजवर नुसती गुरगुर यायला लागली. तुझी आई हसून म्हणायची, "कोंबड्याचा बैल झाला गं." मी तेही कौतुक समजून घेतलं.

आणि मग जानेवारीतलं ते हिमवादळ. तुझे बाबा नदीपलीकडच्या ट्रकतळावरून सांगत होते, रस्ता गोठलाय, आज इथेच राहतो, वाट बघू नका. साधी तीन वाक्यं. तुमच्याकडे पोचला फक्त आरडाओरडा. तुझ्या आईला वाटलं ते मदतीला हाका मारताहेत. तिने गाडी काढली, ती टपालपेटीपाशीच घसरून खड्ड्यात गेली आणि तिचं मनगट मोडलं. तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी काय म्हणालो, ते मला एकही शब्द न गाळता आठवतं. "काकांना माइक धरता येत नाही, त्याला मी काय करू?" तू फक्त दाराकडे बोट केलंस. मी दार आपटलं. तेही आठवतं.

त्या मंगळवारी मी एकदम गप्प झालो, तेव्हा ऑरव्हल उठून आला. थेंब पाहिला, माझं तोंड पाहिलं. त्याला सगळं सांगितलं. त्याने तडकलेला एक गाभा उचलून दिव्याखाली पाहिला. मग म्हणाला, "बाळा, दोन जिल्ह्यांना ऐकू गेलास आणि एका बाईला कळला नाहीस." आणि टेबलावरचा दिवा माझ्याकडे सरकवून गेला.

त्या ड्रायव्हरला मी माझा स्वतःचा रेडिओ दिला आणि तुझ्या बाबांनी कधीतरी काढून टाकलेला हा ठेवून घेतला. चार दिवस लागले. छाटलेला भाग एका मेलेल्या रेडिओतून काढून बसवला. सोल्डरचा गोळा थोडा-थोडा करून उचलला, पट्टी काढून टाकली, तारा जागेवर लावल्या, गाभे बदलले. नवीन काहीच केलं नाही, फक्त माझा हात त्यातून काढून घेतला. रविवारी ऑरव्हल पिकअप घेऊन निघाला आणि मैलामैलावरून माझं ऐकत गेला. सहाव्या मैलावरून म्हणाला, "तुझ्या दाताखालची कोबीसुद्धा ऐकू येतेय." सातव्यावर मी पुसट झालो. एवढीच याची ताकद आहे, कारखान्यातून आला तेव्हा होती तेवढीच. तो लाल थेंब मात्र खरवडला नाही. त्या स्क्रूची जागा बरोबर होती.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. इथून बोललो तर तुमच्या घरापर्यंत माझा आवाज पोचणार नाही, आणि पोचवण्यासाठी मी आता काही छाटणार नाही. म्हणून येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मी पुलावर येतोय. फ्रिजवरचा रेडिओ तुमच्या नेहमीच्याच चॅनेलवर तेवढा लावून ठेव, आणि आईला जवळ बसव. तिच्यासाठी एकच वाक्य आहे, दीड वर्ष उशीर झालेलं. ते पत्रात लिहिता आलं असतं, पण जे माझ्यामुळे तिला ऐकू आलं नाही, त्याच्या जागी काहीतरी ऐकूच जायला हवं. उत्तराची मी वाट बघणार नाही. बोलून झालं की रेडिओ पुलाजवळच्या धान्यकोठारावर वजनकाट्यावाल्याकडे ठेवीन, बाबांच्या नावाने. शुक्रवारी त्यांनी तो ट्रकमध्ये लावला, तर बटाटे वेळेवर टाका. आणि शनिवारी मला कुणी परत बोलावलंच, तर पुलापासून तुमचं घर पाचच मैल आहे. या वेळी दार हळू लावीन.

तुझाच, पण आता फक्त सहा मैल ऐकू जाणारा,
लाइल