दोन्ही करणार आहे मी, ताई

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकले की कंबर धरते, तेव्हा तो कागदावरच मान्य करून घे.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, हे मला इथे बसून दिसतंय. भावोजींचा खोकला थांबला का, की अजून खोकूनच चहा मागतात? आम्ही ठीक. ह्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला, नवा चष्मा आणला, आणि तो खराब होऊ नये म्हणून हे तो खिशातच ठेवतात. हे उगाच सांगत नाहीये, पुढे कामाला येणार आहे.

तुझं तीन पानी पत्र सोमवारी मिळालं. कोट पोचला हे कळलं, बरं वाटलं. मुख्याध्यापिका झाल्याचा सत्कार होईल त्या दिवशीच खोकं उघडणार म्हणतेस, तुझी मर्जी. बाकीचं पत्र वाचून मात्र माझं डोकं फिरलं. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, बाकावर उभं केल्यासारखी गप्प करतेस. म्हणून लिहितेय. तू म्हणतेस, एक काय ते धर, कॉलेज धर नाहीतर गोष्टी धर, एका वेळी दोन कपडे शिवता येतात का? ताई, येतात! लिहायच्या आधी शिवणारीला विचारायचं तरी होतंस. एकाची काजं करायची, दुसऱ्यावर इस्त्री फिरवायची आणि तिसऱ्याची बटणं लावता लावता चौथ्या गिऱ्हाइकाशी भांडायचं, असाच माझा जन्म गेला. वर आणखी लिहितेस, 'शाळेचा कंटाळा तर तुलाच होता, तूच आईला तसं सांगितलंस, मग आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही कसली हौस?' ते असो. त्यावर मला इथे काही बोलायचं नाही.

माझा दिवस कसा जातो ते ऐक. सकाळी सात ते साडेअकरा कॉलेज, बारापासून दुकान. (सातवी झालेल्या मोठ्या माणसांना कॉलेजात घेतात ती परीक्षा मी पास झाले, तेव्हा तू नातेवाइकांत सांगत होतीस की धाकटीने कॉम्प्युटरचा क्लास लावलाय. मला सगळं कळतं.) धडे मी हातशिलाई करताना पाठ करते. एका पँटच्या दोन्ही पायांची तुरपाई होईपर्यंत एक राज्यक्रांती आटपते. आणि गोष्टी लिहिते त्या कापायच्या टेबलावर, उभ्यानेच, कपड्याचा नमुना कापायच्या खाकी कागदावर. वहीत मला सुचत नाही. दोन रेघांच्या मध्ये अंग चोरून लिहायचं म्हणजे परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतं. खाकी कागद कसा टेबलभर पसरतो, गोष्टीतल्या माणसांनाही हातपाय पसरता येतात.

घोटाळे होतात, मी नाही म्हणत नाही. अर्थशास्त्राच्या चाचणीत विचारलं होतं, वस्तूची मागणी का घटते? मी लिहिलं, एका गल्लीत एक शिवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या हातचे झगे सगळ्या गल्लीला हवे असायचे, मग समोर तयार कपड्यांचं दुकान निघालं. इथवर उत्तरच होतं. पण मग त्या बाई एके दिवशी त्या दुकानात शिरल्या, एक झगा उलटा करून त्यांनी शिवण बघितली, आणि ताई, मला थांबताच येईना! पुरवणी मागून घेतली. आमच्या बाईंनी वीसपैकी तीन गुण दिले आणि खाली लिहिलं, 'प्रश्नाचं उत्तर नाही.' त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'पुढे त्यांचं काय झालं?' मी म्हटलं, आधी गुण वाढवा, मग सांगते. वाढवले नाहीत. फेरचाचणी बावीस तारखेला, सकाळी नऊला.

आता आमचे भाषेचे सर कॉलेजातल्या मुलांच्या गोष्टींचं पुस्तक काढतायत. (मुलांच्या म्हणजे त्यात मीही आले. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि मला मावशी म्हणतात.) आठच गोष्टी घेणार, त्यात एक माझी घ्यायचं त्यांच्या मनात आहे. गोष्ट द्यायची शेवटची तारीख कुठली, तर तीच, बावीस, चाचणी संपली की लगेच. सर म्हणाले, "मावशी, पुन्हा आपटलात तर वर्ष जाईल. गोष्टीचं पुढच्या खेपेला बघू." म्हणजे तुझंच तोंड त्यांना लावलेलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही दोन पाकिटं तयार ठेवा, मी दोन्ही देते." एवढं भर वर्गात बोलून बसलेय, पोरी टाळ्या वाजवत होत्या. आता मागे फिरले तर कॉलेजच्या गल्लीतून मला जाता येणार नाही.

गोष्ट दोन बहिणींची आहे. आई आजारी पडते, तिच्या शिवणाच्या मशीनवर दोघींपैकी एकीला बसावं लागतं, दुसरी शिकत राहते, अशी. सहा मोठे कागद भरून मी खिळ्याला अडकवले आणि सहामाही परीक्षेच्या गडबडीत तीन आठवडे तिकडे फिरकले नाही. परवा काढायला गेले, तर खिळ्यावर तुझी पाठ! म्हणजे तुझ्या कोटाच्या पाठीचा नमुना. मला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून तुझा कोट ह्यांनी एकट्याने कापला, शिवला आणि पाठवला. चांगलंच केलं. पण कापला तो माझ्या गोष्टीतून. चष्मा खिशात होता ना!

मी ओरडले तर म्हणतात, "कागद टांगलेला होता, म्हणून घेतला. गोष्ट आहे असं त्यावर लिहायचं होतंस."

"अहो, लिहिलेलीच होती की सगळी!"

"मला वाटलं, मापं आहेत."

ताई, गेले दोन दिवस मी चिकटपट्टी घेऊन गोष्ट जुळवतेय. सुरुवात तुझ्या पाठीत निघाली. आईचं आजारपण कोटाच्या छातीकडच्या दोन भागांत उभं चिरलं गेलंय. भांडण कॉलरीत आहे. (खिशाच्या गोलाईत चार ओळी कायमच्या गेल्या, पण खरं सांगायचं तर त्या गेल्या तेच बरं झालं. हे त्यांना सांगितलेलं नाही.) शेवट मात्र नाही. तो मी पुन्हा चारदा लिहून बघितला आणि चारही वेळा त्या दोघी गळ्यात पडून रडल्या. आपल्या घरात असलं कोणी कधी केलंय का? पहिल्यांदा उतरला तो शेवट एका दमात उतरला होता, तो काही माझ्याच्याने परत होत नाही. तरीही बावीसला मी हातात गोष्ट घेऊनच चाचणीला बसणार.

तर एकूण काय, कॉलेज सोडणार नाही, गोष्टी सोडणार नाही आणि दुकानही सोडणार नाही. ज्यात नापास होईन त्याला पुन्हा बसेन. तुझ्याकडून मला सल्ला नको, दुसरंही काही नको. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. काही नको म्हटलं, पण एक हवंय. बाही चुरगळू नये म्हणून हे बाहीचाच नमुना गुंडाळून तिच्यात घालतात, ही ह्यांची बावीस वर्षांची पद्धत. तुझा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे (फळ्यावर लिहून लिहून, असं हे म्हणतात), म्हणून तुझ्या दोन बाह्यांचे दोन वेगळे कागद कापले. गोष्टीचा शेवट त्या दोन कागदांवर आहे. सत्काराची वाट बघू नकोस. खोकं आजच उघड, दोन्ही कागद काढ आणि आजच टपालात टाक.

ता. क. २. वाचू नकोस.

ता. क. ३. वाचणारच तू, मला माहीत नाही का? तर ऐकून ठेव, गोष्टीतली थोरली म्हणजे तू नाहीस. ती उंच आहे. लाल पेनाने शुद्धलेखन सुधारलंस तर चालेल, पण एकही वाक्य इकडचं तिकडे करायचं नाही.

ता. क. ४. आधी उजवी बाही वाच, मग डावी. शाळेचा कंटाळा आलाय असं धाकटी आईला का सांगते, ते डावीत आहे. ती वाचायच्या आधी खुर्चीत बस. गुडघ्यासाठी म्हणतेय.