विकायला मांडलेलं घर

हाउगेसुंद
१४ एप्रिल

प्रिय सिग्रून,

कशी आहेस? तिकडे ट्रोम्सोला अजून रस्त्याच्या कडेला बर्फ असेल. इथे वारा सुटलाय, मधूनमधून ऊन पडतं. मी बरा आहे. गुडघा सोडला तर तब्येतीची काही तक्रार नाही. शेजारचा ऑडवार तुझी चौकशी करत होता. मी म्हटलं, मजेत आहे, हॉस्पिटलात काम फार असतं. यापेक्षा जास्त मलाच ठाऊक नाही, त्याला काय सांगणार?

पत्र लिहितोय कारण माझा फोन तू उचलत नाहीस. ही तक्रार नाही. आईला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या अंत्यविधीनंतर तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. तेव्हा आता सवय झाली आहे असं म्हणायला हरकत नाही.

मुद्द्याचं लिहितो. घर विकायला काढलंय. जिना झेपत नाही. तीन मजल्यांच्या घरातलं मी काय वापरतो तर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि रेडिओजवळची खुर्ची. बंदराजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट मिळतोय, लिफ्ट आहे, खिडकीतून फेरीबोटी दिसतात. तीस वर्षं त्या बोटींच्या पोटात इंजिनापाशी काढली, समुद्र कधी धड बघितला नाही. आता बघेन म्हणतो.

एजंट म्हणून हेन्रिएट्टे नावाची एक बाई नेमली आहे. तुझ्याच वयाची असेल. आली, सगळं घर फिरली आणि म्हणाली, "गुडमुंड, तुम्ही घर विकत नाही आहात. तुम्ही स्वप्न विकताय."

मी म्हटलं, "बाई, स्वप्नाच्या तळघरात ओल येत नाही."

ती हसली, पण वहीत ओल लिहून घेतली. हुशार आहे. मग तिने फर्मान काढलं. पाइनच्या पट्ट्यांच्या सगळ्या भिंती पांढऱ्या करायच्या. आईने निवडलेले पडदे काढायचे, कारण ते 'फार कोणाचे तरी' वाटतात. फोटो तर एकूण एक उतरवायचे. "येणाऱ्याला भिंतीवर आपली माणसं दिसायला हवीत, तुमची नाही," असं म्हणाली. मला राग आला होता, पण तिचं चूक नव्हतं. मीही त्या फोटोंकडे बघणं केव्हाच सोडलंय.

रंगारी येऊन गेले. फोटो खोक्यात भरले. आईचं कपाट अर्धं आवरलं आणि मग दोन दिवस दुसरंच काहीतरी करत बसलो.

तुझ्या खोलीला हात लावलेला नाही. पंचवीस तारखेला घर सजवणारी माणसं येतील, त्यांचं सामान मांडतील आणि आपलं सगळं बाहेर जाईल. त्याआधी तू दोन दिवस येऊन जा. तुझं, आईचं, जे हवं ते घे. मी मध्ये बोलणार नाही. मी नसावं असं वाटलं तर ऑडवारकडे जाऊन राहीन, त्याची ना नाही. किल्ली तुझ्याकडे आहेच, कुलूप बदललेलं नाही.

तू यावंस एवढंच आहे. बाकी घराचं काय व्हायचं ते होईल.

तुझा,
बाबा


हाउगेसुंद
२७ एप्रिल

प्रिय सिग्रून,

तुझा मेसेज मिळाला. 'मला काही नको. काय असेल ते टाकून द्या.' दुकानात बटाट्यांपाशी उभा होतो तेव्हा आला. वाचला आणि बटाटे न घेताच घरी आलो.

टाकलेलं काही नाही. तुझ्या खोलीतलं सगळं सात खोक्यांत भरून ऑडवारच्या गॅरेजमध्ये ठेवलंय. तो म्हणाला, "ठेव रे, माझी गाडी नाहीतरी बाहेरच गंजते आहे." तेव्हा घाई नाही.

आता गंमत ऐक. परवा घर सजवणारी विल्डे आली, बरोबर दोन धिप्पाड माणसं आणि एक ट्रक. दुपारपर्यंत आपला तपकिरी सोफा, आईचं शिवणाचं मेज, माझी खुर्ची, सगळं वखारीत गेलं. त्या जागी सगळं करड्या रंगाचं आलंय. करडा सोफा, करड्या उशा, करडी गोधडी. स्वयंपाकघरात एका वाडग्यात अकरा लिंबं ठेवली आहेत. मी एक चहात पिळायला घेतलं, तर विल्डेने हातातून काढून परत ठेवलं.

"काका, ती खायची नाहीत."

"मग कशाला आहेत?"

"दिसायला."

वर झोपायच्या खोलीत पलंगावर चार उशा मांडल्या आहेत. इतक्या वर्षांत आईने आणि मी मिळून दोनच वापरल्या. गच्चीतल्या टेबलावर दोन कप, एकमेकांकडे कान करून. तुझ्या खोलीत लहान मुलाचा पलंग आलाय, त्यावर एक लोकरीचा ससा. मी विल्डेला विचारलं, "या घरात राहतं तरी कोण?"

ती म्हणाली, "एक तरुण जोडपं. दोघं सकाळी गच्चीत कॉफी पितात. एक गोड मूल आहे."

"केर कोण काढतं?"

"ते दिसत नाही," म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात कोणाबरोबर तरी हसलो.

रविवारी घर दाखवायचं आहे. तोवर मला नियम घालून दिलेत. पलंगाला सुरकुती पडू द्यायची नाही, म्हणून मी तळघरात कॅम्पच्या खाटेवर झोपतो. टेबल मांडलेलं, म्हणून मोरीपाशी उभ्याने जेवतो. मासे तळायचे नाहीत, आठ दिवस वास राहतो म्हणे. मासे खायला ऑडवारकडे जातो, आणि तो ते करपवतो. काल न्हाणीघरात घडी घातलेला पांढरा पंचा चुकून वापरला आणि तासभर पुन्हा तशी घडी घालायचा प्रयत्न करत होतो. स्वतःच्या घरात चोरासारखा वावरतोय. हसलीस तरी चालेल.

स्वयंपाकघरामागची छोटी खोली आठवते ना? आई शेवटी तिथेच असायची, जिना चढवत नव्हता म्हणून. विल्डेने तिथे टेबल आणि दिवा ठेवून कामाची खोली केली आहे. तिने विचारलं, "इथे आधी काय होतं?" मी म्हटलं, "अडगळ."

का म्हटलं कोण जाणे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आता हात दुखतोय.

स्वतःला जप. रात्रपाळी असेल तेव्हा नीट खाऊन जात जा.

बाबा


हाउगेसुंद
६ मे

सिग्रून,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं आहे. जसं येईल तसं पाठवणार आहे.

रविवारी घर दाखवलं. मालकाने त्या वेळी घरी थांबायचं नसतं, म्हणून मी जाऊन रस्त्यापलीकडे गाडीत बसलो. लोक यायला लागले. दारापाशी निळे प्लास्टिकचे पायमोजे बुटांवर चढवत होते आणि आत जात होते. वीसेक जण असतील. तेवढ्यात ऑडवार आला, धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून. तो घर घेणार नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

काच खाली करायला लावून म्हणाला, "चाळीस वर्षं तुझ्याकडे कॉफी पितोय, वरचा मजला कधी बघितला नाही. आज बघून घेतो. चल तूही."

"मी कसा येणार?"

"हेन्रिएट्टे आजारी आहे, दुसरंच पोरगं उभं आहे दारात. त्याला काय कळतंय तू कोण ते."

मी गेलो. का गेलो विचारू नकोस, गाडीत बसवत नव्हतं. त्या मुलाने माझ्या हातात माहितीपत्रक दिलं आणि म्हणाला, "या, सावकाश बघा." निळे पायमोजे घालून मी स्वतःच्या घरात शिरलो. लोक माझ्या खिडक्या उघडून बघत होते, नळ सोडून बघत होते. एक माणूस भिंतीवर टकटक करून बायकोला म्हणाला, "चांगली बांधली आहे." ती भिंत मी बांधली आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग स्वयंपाकघरामागच्या खोलीत आलो. तिथे एक तरुण जोडपं होतं, बाई गरोदर, सातवा महिना असावा. तिने त्या पोराला विचारलं, "मालक का विकताहेत?"

तो हळू आवाजात म्हणाला, "म्हातारे आहेत, एकटेच असतात. बायको गेली. एक मुलगी आहे म्हणतात, पण ती येत नाही."

त्या बिचाऱ्याने ऐकलं तेच सांगितलं. पण माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "माझी बायको याच खोलीत गेली. आणि मुलगी येत नाही असं नाही. मी तिला तेव्हा बोलावलंच नाही."

ऑडवार दारात उभा होता, त्यानेही ऐकलं. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "का नाही बोलावलंत?"

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो, पायमोजे तसेच.

सोमवारी हेन्रिएट्टेचा फोन आला. "गुडमुंड, घर दाखवताना मालक घरात नसतो. असलाच तर निदान तोंड मिटून असतो." पण घर गेलं. दोन दिवस बोली चालली आणि शेवटी त्याच जोडप्याने घेतलं, मागितलेल्या किमतीपेक्षा जास्त देऊन. बाई मला भेटून गेली. म्हणाली, त्या खोलीत कोणीतरी माणूस राहत होतं हे कळलं ते बरं झालं. तिला मी तेव्हाही उत्तर दिलं नाही. ते तिला द्यायचं नव्हतंच.

तर ऐक. त्या सप्टेंबरात डॉक्टरांनी आईचं काय ते सांगितलं तेव्हा तू दर रविवारी फोन करत होतीस. मी सांगायचो, पाठ दुखतेय तिची, झोपली आहे. तू नर्स. तू आली असतीस तर दार उघडून एकदा तिच्याकडे बघितलं असतंस आणि मला बाजूला घेऊन म्हणाली असतीस, बाबा, आता आई राहत नाही. मला ते कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तू आली नाहीस तोवर ते खरं नव्हतं. इंजिनातला आवाज बदलला की मी लगेच बोट थांबवायचो, आणि इथे ऐकू येत असून कान झाकून बसलो. दोन विमानं आणि अर्धा दिवस, एवढ्या अंतरावर होतीस तू.

आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. बाहेरचं दार वाजलं की मान वळवायची. "सिग्रून आली का?" मी म्हणायचो, "फोन केलाय, ड्यूटी संपली की निघते आहे." फोन केलेला नव्हता. असं अकरा दिवस सांगितलं. शेवटच्या दिवशी तिने विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "पोरीला काम फार आहे." तिला तुझा राग नव्हता, पण तू येऊ शकत नाहीस असं समजून ती गेली.

आणि अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात तू मला विचारलंस, "मला का नाही कळवलं?" तेव्हा मी म्हणालो, "आईचीच तशी इच्छा होती. सिग्रूनला कळवू नको म्हणाली." कोट घातलास आणि गेलीस. मी समजत होतो तू माझ्यावर रागावली आहेस, आणि तो राग मी भोगतोय, म्हणजे फिटंफाट. त्या रविवारी पायऱ्यांवर बसलो असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की चार वर्षं तू आईवर रुसली असशील. आईने आपल्याला शेवटी जवळ येऊ दिलं नाही असं मनात धरून रात्रपाळ्या करत असशील, दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी बसत असशील.

आईने असं कधीच म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं, कारण तिला खोडून काढता येणार नव्हतं.

घराचा ताबा दोन जूनला द्यायचा आहे. ये, असं लिहायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून लिहीत नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण आईशी बोलणं पुन्हा सुरू कर.

ती अकरा दिवस तुला हाका मारत होती. ते तुला सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही. म्हणून आज कळवतो आहे: आईने तुला बोलावलं आहे.

तिचा निरोप चार वर्षं दाबून बसलेला,
तुझा बाबा