शेवाळाचा पिक्चर

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून घराची अभिरुची सुधारायची. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मी नाही तर कोण?

परिस्थिती गंभीर आहे. बाबांना भुताचे पिक्चर लागतात. सुरुवातीलाच भूत दिसलं नाही तर ते झोपतात. आईला पूर, भूकंप आणि कोसळत्या इमारती आवडतात. काल टीव्हीवर अख्खं शहर पाण्याखाली गेलं, तर म्हणाली, "पळाली बघ समदी, गॅस बंद न करता."

मी भुताचे बघत नाही. भीती वाटते म्हणून नाही, तत्त्व म्हणून. परवा बाबांबरोबर बसले होते तेव्हा डोळे मिटले, ते फक्त पार्श्वसंगीताचा अभ्यास करायला.

माझी आवड: विज्ञानपट. माणसाला विचार करायला लावतात. लवकरच सगळ्यांना लावतील.

४ फेब्रुवारी
बाबांनी पुन्हा स्थळाचा विषय काढला. द्रोणागिरीच्या गोदामात त्यांच्याबरोबर काम करणारे ज्योतिबाकाका, त्यांचा मुलगा अभय. मी स्पष्ट सांगितलं, आधी एम.एस्सी., आणि शिवाय पिक्चर दाखवून लोकांमध्ये वैज्ञानिक दृष्टी रुजवायची आहे.

बाबा म्हणाले, "सोसायटीतली वीस मानसं तुझा पिक्चर बघायला आनून दाखव. आली तर खुशाल एम.एस्सी. कर, लग्नाचं नाव काढनार नाय. नाय आली तर मुलगा बघायचा."

लगेच हो म्हटलं. वीस म्हणजे काहीच नाही. सानपाड्यातली सुशिक्षित सोसायटी आहे. चिंता आहे ती खुर्च्या कमी पडण्याची.

६ फेब्रुवारी
सेक्रेटरी विश्वजितकाकांकडे हॉल मागितला. त्यांनी विचारलं, भुताचा आहे का? नाही. मग त्सुनामीचा? नाही. एक शास्त्रज्ञ बाई दुसऱ्या ग्रहावर एकटीच शेवाळ वाढवते.

"मग?"

मग ते वाढतं.

काकांनी हॉल वहीत लिहून घेतला. विचारात पडले. म्हणजे हा पिक्चर न बघताच काम करतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज तयार. 'स्क्रीनिंग' शब्द नको, आपली मराठी समर्थ आहे. 'सिनेमा' शब्दही मुद्दाम गाळला. लोकांना आधी कळलं की विज्ञान आहे, तर ते त्याच दिवशी गावाला जातात. थोडी उत्सुकता ठेवलेली बरी.

शेवटी असा: 'कु. क्रांती किसन साळवे (बी.एस्सी.) हिचा पाहण्याचा कार्यक्रम. रविवार १६ तारीख, सायं. ५, सोसायटी हॉल. सर्वांनी सहकुटुंब यावे. अल्पोपाहार आहे.'

'पाहण्याचा कार्यक्रम.' किती साधं आणि नेमकं. आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

९ फेब्रुवारी
प्रतिसाद अफाट. फुलं, जोडलेले हात, 'अभिनंदन बेटा'. ज्या लोकांनी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला कधी तोंड दाखवलं नाही, ते 'नक्की येणार' लिहितायत. लोकांना विज्ञानाची भूक होती, वाढणारं कुणी नव्हतं.

बाबांनी मेसेज दोनदा वाचला. हसले. मग गॅलरीत जाऊन कुणाला तरी फोन केला. हरणार हे दिसतंय तरी माझा प्रचार करतायत. मोठ्या मनाचा माणूस.

११ फेब्रुवारी
लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या मालतीबाई भेटल्या. खूप रस दाखवला. कुठला आहे, विचारलं. म्हटलं, परदेशातला. जुना आहे, पण चांगला. किती जुना? म्हटलं, चाळीसच्या पुढे गेला, पण बघताना अजिबात जाणवत नाही. त्यांनी लिफ्टचा दांडा धरला. कुणी सुचवला? कुणी नाही, मीच इंटरनेटवर शोधला. आधी बघितलास का? म्हटलं, चार वेळा. दार लावून, दिवे घालवून, एकटीने.

"आणि आईला चालतंय हे?" म्हणाल्या.

मी सांगितलं, आईची आवड वेगळी आहे, पण हळूहळू तयार होईल.

मालतीबाई चुकून दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या.

१४ फेब्रुवारी
विश्वजितकाकांना काळा पडदा मागितला. म्हणाले, शुभकार्यात काळा? मी म्हटलं, विज्ञानात शुभ-अशुभ नसतं, अंधार जेवढा जास्त तेवढं चांगलं दिसतं. ते म्हणाले, "तुमची आजकालची पिढी..." आणि पडदा दिला.

आई पोह्यांचा अंदाज काढतेय. साडी नेस म्हणून मागे लागलीय. नेसणार. आयोजकाने नीटनेटकं दिसावं.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
हॉल आत्ताच भरलाय. बायका जरीच्या साड्यांत. वीस केव्हाच झाले, मोजणं सोडून दिलं. जिंकले. एम.एस्सी. पक्की.

त्याच दिवशी, ८ वाजता
जमेल तसं लिहिते.

पिक्चर सुरू केला. कुणीच पडद्याकडे बघेना, सगळे दाराकडे. मालतीबाई म्हणाल्या, "हे चालू दे गं, ते येईपर्यंत." मला वाटलं, ते म्हणजे शेवाळ.

तेवढ्यात दार उघडलं. ज्योतिबाकाका, त्यांच्या पत्नी, अभय. कुणीतरी दिवे लावले. मालतीबाई अभयकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "हा तर तरुण आहे!" आणि पोह्यांचा ट्रे माझ्या हातात दिला. बाबा म्हणाले, "ही क्रांती." मी पाहुण्यांना प्रकाशसंश्लेषण समजावून सांगितलं. मुलाच्या आईने विचारलं, स्वयंपाक येतो का? मी विचारलं, ग्रहावर?

आईने कोपऱ्यात ओढलं. म्हणाली, "आगं, पाह्यन्याचा कार्यक्रम तूच लिवलास न्हवं? आमी कुटं काय बोललो?"

बाबांना म्हटलं, वीसच्या वर माणसं आली, शब्द पाळा. बाबा म्हणाले, "आली की. तुला बघायला. पिक्चर बघायला किती आली ते सांग."



१७ फेब्रुवारी
त्यांच्याकडून होकार. मुलगी हुशार वाटली म्हणे. बाबा म्हणतात, एम.एस्सी.चं आता त्यांनाच विचारायचं.

ठरवलं, अभयलाच स्पष्ट सांगायचं. फोन केला. तो म्हणाला, मलाही घरच्यांनी फक्त पिक्चर आहे एवढंच सांगून आणलं होतं. म्हणजे इतक्या गर्दीत माझा पिक्चर बघायला आलेला एक माणूस होता. दिवे लागले तरी पडद्याकडे बघत होता, मला आता आठवलं. खरं सांगायचं तर भरून आलं. विचारलं, कसा वाटला?

म्हणाला, "चांगलाय. भूत कधी येतंय म्हणून शेवटपर्यंत बसलो."