गेणू फिटरने मला सांगितले होते

मी, अल्लाबक्ष महंमद शिकलगार, वय वर्षे त्रेपन्न, राहणार कामशेत, तालुका मावळ, विमानांचा इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त, माझ्या पश्चात काय व्हावे ते आज शुद्धीवर असताना, कोणी भरीस घातले नसताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. आमच्या धर्माच्या कायद्याने मिळकतीचा तिसरा हिस्साच मला मन मानेल तसा देता येतो. बाकीचे वारसांचे. पत्नी जैतुनबी व मुलगी शमीम यांनी आपापला हिस्सा घ्यावा. जैतुनबी हयात असेतो तिला राहत्या घरातून कोणी उठवू नये. तेरा वर्षे ती इथे आणि मी जुहूच्या विमानतळावर, असा आमचा संसार झाला. त्याची भरपाई कोणत्याही कलमात बसत नाही.

२. चुलतभाऊ युनूस यालाही कायद्याने हिस्सा जातो, तो मला अडवता येत नाही. माझे वडील, म्हणजे त्याचे काका, विळे-कोयत्यांना धार लावीत. ते गेले त्याच दिवशी याने त्यांचा धारेचा दगड उचलून नेला. तो त्यालाच राहू द्यावा. मात्र माझ्या मयतीला येऊन ‘काकांचं सगळं मीच केलं’ असे त्याने म्हणू नये.

३. माझी सर्व हत्यारे आणि बेडशाच्या वाटेवरचे भाताचे खाचर गेणू कोंडाजी शिर्के, राहणार बेडसे, यांस द्यावे. कारण लिहिणे भाग आहे.

गेणू आणि मी १९१४ साली लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये एकाच दिवशी कामाला लागलो. पुढे मुंबईच्या एका लहान विमान कंपनीत, जी आता बंद पडली आहे, दोघेही गेलो. मी परीक्षा देऊन परवाना मिळवला. गेणू फिटरच राहिला, पण हात त्याचा माझ्याहून चांगला. विमान उडण्याआधी कागदावर परवानेवाल्याची सही लागते. ती सही मी करीत असे.

फेब्रुवारी १९३८. टपालाचे विमान निघायचे होते. गेणू मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, पेट्रोलच्या नळीला केसागत चीर हाय. हे इमान आज सोडू नगा.”

“मला दिसत नाही,” मी म्हणालो.

“डोळ्याला न्हाई दिसायची, नखाला लागती. नवी नळी टाकू. दोन तास लागत्याल.”

मी नख लावून पाहिले नाही. मला मुख्य इंजिनिअर करायचे की नाही हे त्याच आठवड्यात ठरायचे होते. माझ्या नावावर उशीर नको होता. वैमानिक होरमस, मूळचे लोणावळ्याचेच, वरून हसत म्हणाले, “काय शिकलगार, जाऊ ना?” मी “जा” म्हणालो आणि सही केली.

वीस मिनिटांनी विमान वसईच्या खाडीत पडले. होरमस गेले. सत्तावीस वर्षांचे होते.

चौकशीत साहेबांनी मला विचारले, “फिटरने काही सांगितले होते का?” मी म्हणालो, “नाही.” गेणूने खरे ते सांगितले, पण परवानेवाल्यापुढे फिटरचे कोण ऐकतो? निष्काळजीपणाचा ठपका घेऊन तो बेडशाला परत गेला. मी मुख्य इंजिनिअर झालो.

४. हा कागद माझ्या मृत्यूनंतर बेडशाच्या चावडीवर वाचावा.

(कलम ४ रद्द. परवा साक्षीसाठी बोलावलेले हौशीराम मास्तर इथवर वाचून थांबले आणि म्हणाले, “मेल्यावर कशाला, अल्लाबक्षभाऊ? गेणूआबा जिवंत आहेत तोवर चला.” काल आम्ही बेडशाला गेलो व चावडीवर मीच वाचले.)

गेणूने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, “हत्यारं ठिवतो. खाचर नगं.” मग म्हणाला, “हितं वाचून काय उपेग, भाऊ? गावानं मला कवा बोल लावला न्हाई. होरमस सायबाची आई चौकशीला बसलेली व्हती. मागनं लोणावळ्याच्या बाजारात भेटली. म्हणली, माझा लेक तू मारलास. म्या मान खाली घातली. वाचायचं तर तिला वाचून दावा.”

अकरा वर्षांत मला ते सुचले नव्हते. लोणावळ्याला मी कितीदा उतरलो. होरमसांच्या आईच्या बंगल्याचा रस्ता चुकवून गेलो.

५. खाचर कलम १ प्रमाणे वारसांना जावे. कलम ३ मधील हत्यारे गेणूची. उद्या सकाळच्या गाडीने गेणू आणि मी हा कागद घेऊन लोणावळ्याला जात आहोत. बाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना कमी ऐकू येते असे कळले. मोठ्याने वाचावे लागेल.

वरील मजकूर वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही: अल्लाबक्ष महंमद शिकलगार

साक्षीदार:
हौशीराम भिमाजी केदारी, शिक्षक, कामशेत
अंबाजी सोपान घारे, तांदळाचे दुकानदार, कामशेत

मुक्काम कामशेत, तारीख ११ फेब्रुवारी १९४९