‘लागू करा’चं बटण आणि भगवंतरावांची प्रियदर्शनी

तीर्थस्वरूप देवीदासमामांना अमरावतीहून गजेंद्रचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी गोड खाणं सोडलं असं आई सांगते, पण आईला ते मामींनीच सांगितलं असल्यामुळे मी अजून विश्वास ठेवलेला नाही. इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे आई-बाबा आहेत. मी जळून राहिलो.

कारण तुमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातलंच आहे. तुमचे मित्र भगवंतराव, त्यांची मुलगी प्रियदर्शनी वर्षभरापासून आमच्याच कंपनीत आहे. आम्ही शेतातल्या ठिबक सिंचनाचं पाणी मोबाइलवरून सोडायचं ॲप बनवतो. त्यात सेटिंगची एक खिडकी असते: कोणत्या ओळीला पाणी, किती मिनिटं, केव्हा. ती खिडकी मी बनवली होती. खाली तीन बटणं, ‘ठीक’, ‘लागू करा’ आणि ‘रद्द करा’. माणसानं शांतपणे बदल करावेत, विचार करावा, मग ‘लागू करा’ दाबावं, तेव्हाच पाणी हलेल. (‘ठीक’ आणि ‘लागू करा’ यांत फरक काय, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी वीस मिनिटं बोललो. फरक आहे.) प्रियदर्शनीनं तिन्ही बटणं उडवली. आकडा बदलला की तो तिथल्या तिथे लागू! साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, मामा. माझ्यासाठी ते तीन वर्षांत कधी नीट बसलेसुद्धा नाहीत.

दोन्ही खिडक्या तपासायला मोर्शीच्या नत्थुजींच्या संत्र्याच्या बगिच्यात दिल्या. अर्ध्या झाडांना माझी, अर्ध्यांना तिची. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं पाहायला गेलो. नत्थुजींनी दुपट्ट्यानं मोबाइल पुसला, पुसता पुसता तिच्या खिडकीतलं काहीतरी दाबलं गेलं, पाइप धुवायचा वॉल्व्ह उघडला आणि नेमके त्याच्यासमोर उभे असलेले नत्थुजी टोपीसकट न्हाऊन निघाले. खोटं कशाला सांगू, नोकरी लागली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. मी फोटो काढला. तोंडावरचं पाणी निपटत नत्थुजी म्हणाले, “पोरीचं चांगलं हाय. चूक झाली त तिथंच समजते. तुह्यात मी चाळीस मिंटं केले न् मोबाइल खिशात टाकला. पाणी गेलंच नाई, हे आज झाडायनं पानं वळवले तवा समजलं.”

मी म्हटलं, “पण तुम्ही ‘लागू करा’ दाबलंच नाही, काका!”

“मंग मी चाळीस काहून केले असन?”

प्रियदर्शनी हसली असती तर रागावता तरी आलं असतं. ती वहीत लिहीत होती. दोन दिवसांत तिनं प्रत्येक बदलाखाली ‘मागे घ्या’ असं छोटं बटण आणलं. आणि खताचं सेटिंग, ज्यात चूक झाली तर मुळ्याच जळतील, तिथे तिनं माझं ‘लागू करा’ तसंच ठेवलं, वर सगळ्यांसमोर सांगितलं की ही कल्पना गजेंद्रची. जिंकणाऱ्यानं निदान थोडं तरी वाईट असावं की नाही? तेव्हापासून मी तिच्या कामात सात वेळा चूक शोधून पाहिली. एकदा सापडली. ती तिनं आदल्याच दिवशी लिहून ठेवली होती.

असो. मामींना नमस्कार, घरच्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
गजेंद्र

ता. क. खरं काम राहूनच गेलं. तिला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं आहे. ती गेली तर तिची जागा मला, असं साहेबांनी सांगितलं. मामा, भगवंतरावांना भेटा आणि काहीही करून तिला थांबवा. काल मी मुद्दाम एक गचाळ खिडकी करून साहेबांना दाखवली. त्यांना फार आवडली. ती गेली तर माझी चूक दाखवणार कोण?

पुन्हा ता. क. भगवंतराव म्हणतील, पोरीच्या चांगल्यात आडवे काहून येता? त्यांचं चुकत नाही. तरी एकदा जाऊन या.